नवा खेळ व जुन्या संवयी

गेल्या आषाढांतील गोष्ट. शाळा सुटून बराच वेळ झाला होता, आणि तपासावयाच्या वह्यांचा गठ्ठा बगलेंत मारून आम्ही फाटकाबाहेर पडलों, तों नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी समोरच्या गल्लींत या टोंकापासून त्या टोंकापर्यंत येरझारा घालीत असलेला दिसला. पाऊस भुरभुरत होता. मुलाच्या मागें दहा पावलांवर त्याचे आजोबा छत्री धरून चालत होते. घरीं कोणी आजारी असावें, किंवा किल्ली हरवली असावी, असें वाटून आम्हीं जवळ जाऊन विचारपूस केली. मुलानें मोबाइल खिशांत घालीत मोठ्या अदबीनें उत्तर दिलें, "सर, अंडें उबवतों आहें. अजून सव्वा किलोमीटर राहिला." आजोबांनीं आमच्याकडे पाहून मान हालविली, त्या मान हालविण्यांत तक्रार होती कीं कौतुक होतें, हें त्या वेळीं आम्हांस उमगलें नाहीं.

ज्या घरांत हा खेळ अद्यापि शिरलेला नाहीं, त्या घरच्या वडील मंडळींस हें उत्तर वेडगळपणाचें वाटेल. म्हणून थोडा खुलासा करणें अवश्य आहे. हें अंडें कोंबडीचें नव्हे. 'पोकेमॉन गो' या नांवाचा जो खेळ मोबाइलवर खेळतात, त्यांत खेळणाऱ्यास अशीं अंडीं मिळतात, आणि तीं फुटण्यास ऊब लागत नाहीं, चाल लागते. कोणतें अंडें दोन किलोमीटर चालल्यावर फुटतें, कोणतें पांच, तर कोणास दहा किलोमीटर लागतात. रिक्षांत बसून भरधाव गेल्यास तें अंतर हिशेबांत धरलें जात नाहीं. अंडें फुटलें म्हणजे आंतून एक चित्रविचित्र प्राणी निघतो आणि खेळणाऱ्याच्या संग्रहांत जमा होतो. एवढ्यासाठीं आमचा हा विद्यार्थी, जो कवायतीच्या तासास पोटदुखीचें निमित्त सांगून वर्गांत बसून राहत असे, तो भर पावसांत चालत होता!

खरें सांगावयाचें तर, या विषयावर वार्षिकांत लिहावें असें योजिलें तेव्हां आमच्या मनांत केवळ कानउघाडणी होती. मोबाइल हा शब्द कानीं पडतांच कपाळास आंठ्या पडाव्या, असा आमच्या धंद्यांतील रिवाजच झाला आहे. परंतु ज्याची निंदा करावयाची त्याची निदान ओळख तरी करून घ्यावी, म्हणून आम्हीं या खेळाच्या कुळाचा शोध घेतला, आणि त्या शोधांत आमचा अर्धा राग मावळला. उरलेला अर्धा मात्र पूर्वींपेक्षां घट्ट झाला. तो कोणता, हें पुढें येईलच.

या कुळाचा मूळपुरुष सातोशी ताजिरी हा जपानी गृहस्थ होय. त्याचा जन्म १९६५ सालचा, आणि बालपण टोकियोजवळील माचिदा येथें गेलें. त्या काळीं तेथें शेतें, तळीं व झाडी होती, आणि या मुलास किडे धरण्याचा विलक्षण नाद होता. पुढें शहर वाढलें, तळीं बुजलीं, शेतांवर इमारती उठल्या. किडे गेले, आणि किडे धरणारीं मुलेंहि घरांत बसलीं. धरण्याचा व जमविण्याचा तो आनंद शहरांतील मुलांस पुन्हां मिळावा, या हेतूनें त्यानें आपल्या सोबत्यांसह जो खेळ रचिला, तो २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं 'रेड' व 'ग्रीन' अशा दोन आवृत्तींनीं जपानांत विक्रीस आला. निन्टेंडो कंपनीच्या 'गेम बॉय' नांवाच्या, हातांत मावणाऱ्या यंत्रावर तो चाले. तेव्हां प्राणी १५१ होते. आज त्यांच्या जाती हजारावर गेल्या आहेत. यांतील खुबी अशी कीं, कांहीं प्राणी एका आवृत्तींतच मिळत, कांहीं दुसरींतच. दोन यंत्रें तारेनें जोडून अदलाबदल केल्याखेरीज संग्रह पुरा होत नसे. कांहीं प्राण्यांचें तर रूपच अशी अदलाबदल झाल्यावांचून पालटत नसे. म्हणजे ज्यास सारे प्राणी हवे, त्यास मित्र हवाच.

हें वाचतांना आम्हांस आमच्या लहानपणच्या काडेपेट्यांच्या छापांची आठवण झाली. ज्या मुलाशीं आम्हीं दोन महिने अबोला धरला होता, त्याच्याजवळ एक दुर्मिळ छाप असल्याचें कळतांच आम्ही आपण होऊन त्याच्या घरीं गेलों आणि समेट केला. तो छाप पुढें कोठें गेला, देव जाणे. समेट मात्र आजतागायत टिकला आहे. जमविण्याच्या हव्यासानें माणूस माणसाच्या दारीं जातो, यांत वाईट तें काय?

त्यानंतर या मालिकेंतील प्रत्येक नव्या खेळानें नवे प्राणी आणिले, हें सर्वांस दिसतें. परंतु त्याबरोबर खेळणाऱ्याच्या दिनक्रमाचा एकेक कोपरा त्यानें आपल्या ताब्यांत घेतला, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. १९९९ च्या नोव्हेंबरांत जपानांत 'गोल्ड' व 'सिल्व्हर' हे खेळ निघाले. त्यांत घड्याळ होतें. बाहेर रात्र झाली कीं खेळांतहि रात्र होई. घुबडासारखा एक प्राणी रात्रींच दृष्टीस पडे, आणि किडे पकडण्याची शर्यत आठवड्यांतील ठराविक वारींच भरे. तेव्हांपासून खेळावें केव्हां, हें सर्वस्वीं मुलाच्या हातीं राहिलें नाहीं. २००९ सालीं खेळाबरोबर पावलें मोजणारें एक लहानसें यंत्र मिळूं लागलें. तें जवळ बाळगून चालावें, म्हणजे खेळांतील प्राण्यास बळ चढे. परंतु बसल्या जागीं हातानें हालविलें तरी पावलें वाढतात, हा शोध मुलांनीं तत्काळ लाविला. मुलें येथूनतेथून सारखींच! २०१६ च्या जुलैंत कॅलिफोर्नियांतील नायँटिक कंपनीनें बनविलेला 'पोकेमॉन गो' आला; तो हिंदुस्थानांत रीतसर आला त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, तरी त्यापूर्वींच आडवाटेनें तो येथें पोंचला होता. त्यानें खेळणाऱ्याचे पाय घेतले. २०२३ च्या जुलैंत 'पोकेमॉन स्लीप' निघाला; त्यानें झोंप घेतली. आणि २०२४ च्या ऑक्टोबरांत पत्त्यांसारख्या चित्रांचा 'टीसीजी पॉकेट' हा खेळ आला; त्यांत बारा तासांनीं एक याप्रमाणें चित्रांचीं पाकिटें फुकट फोडावयास मिळतात. सकाळीं डोळे उघडल्याबरोबर एक, आणि रात्रीं डोळे मिटण्यापूर्वीं एक!

झोंपेच्या खेळाविषयीं दोन शब्द अधिक लिहितों, कारण आमच्या ऐकिवांत आलेल्या सर्व खेळांत हा अजब आहे. निजण्याच्या वेळीं खेळ सुरू करून मोबाइल उशाजवळ पालथा ठेवावयाचा. मग रात्रभर तो आपली कूस बदलणें व घोरणें टिपीत असतो. साडेआठ तास झोंप झाली कीं पैकींच्या पैकीं शंभर गुण. जितके गुण अधिक, तितके अधिक निजलेले प्राणी सकाळीं अंथरुणाभोंवतीं जमलेले दिसतात. लवकर नीज, लवकर नीज, असें आईनें वर्षानुवर्षें सांगून जें झालें नाहीं, तें एका चित्रांतील लठ्ठ प्राण्यानें आठ दिवसांत करून दाखविलें, असें एका मातेनें आम्हांस हंसत हंसत सांगितलें. तिच्या हंसण्यांत आम्ही सामील झालों. पण घरीं आल्यावर मनांत आलें कीं, जें यंत्र निजावयाच्या खोलींतूनच बाहेर ठेवा असें डॉक्टर सांगतात, तें आतां खेळाच्या अटीमुळेंच उशाशीं आलें. शिवाय गुण मिळविण्यासाठीं झोंपणारा मुलगा गुण कमी पडले म्हणून सकाळीं खिन्न होऊन शाळेंत येऊं लागला, तर त्या झोंपेस विश्रांति म्हणावें कीं परीक्षा?

आतां 'गो' कडे वळूं. त्याच्या बाजूनें जें बोलण्यासारखें आहे तें आधीं बोलणें न्यायाचें होईल. २०१६ सालच्या त्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील व युरोपांतील बागा, चौक व समुद्रकिनारे तरुण मंडळींनीं अक्षरशः फुलून गेले होते. या खेळांत जे थांबे असतात, ते पुतळे, कारंजीं, जुन्या इमारती, प्रार्थनामंदिरें, स्मारकशिला अशा खऱ्याखुऱ्या ठिकाणीं असतात. थांब्यापाशीं गेलें कीं खेळांतील साहित्य मिळतें व त्या स्थळाचें नांव आणि चित्र पडद्यावर दिसतें.

आमच्या गांवांत बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पडकी दगडी पाणपोई आहे. आम्ही सतरा वर्षें त्या रस्त्यानें जातों येतों. तिच्या मागच्या अंगास एक लेख कोरलेला आहे, आणि एका व्यापाऱ्यानें आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ ती बांधिली असें त्यांत म्हटलें आहे, हें आम्हांस या अंडें उबविणाऱ्या मुलानें दाखविलें. तो म्हणाला, "सर, इथें थांबा आहे, म्हणून मी मागें जाऊन पाहिलें." इतिहासाचे पाठ आम्ही शिकवावे आणि गांवचा दगड विद्यार्थ्यानें आम्हांस दाखवावा, याची थोडी लाज वाटली, पण ती लाज उपकारक होती.

दुसरी बाजू काळी आहे. पडद्यावर डोळे लावून चालणारा माणूस रस्त्यावर नसतोच. आणि पडद्यावर डोळे लावून वाहन हांकणारा तर दुसऱ्याचा काळ होतो. १९१६ नव्हे, २०१६ च्या ऑक्टोबरांत, म्हणजे यंत्रयुगाच्या ऐन भरांत, जपानांतील इचिनोमिया शहरीं एक ट्रक हांकणारा मनुष्य हा खेळ खेळत होता, आणि त्याच्या वाहनाखालीं नऊ वर्षांचा एक मुलगा रस्ता ओलांडतांना सांपडून मरण पावला. त्याच देशांत त्याच वर्षाच्या ऑगस्टांत तोकुशिमा येथें अशाच रीतीनें एक स्त्री दगावली होती. आमच्या शाळेचें फाटक हमरस्त्यापासून किती पावलांवर आहे, हें प्रत्येक पालकास ठाऊक आहे. अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. स्थळकाळाचें भानहि सुटतें. पोलंडमधील आउश्वित्झच्या स्मारकास व वॉशिंग्टन येथील ज्यू संहाराच्या संग्रहालयास, 'कृपा करून येथें हा खेळ खेळूं नका,' अशी विनंती करावी लागली. आपल्याकडे गुजरातच्या उच्च न्यायालयांत २०१६ सालींच एक अर्ज दाखल झाला. त्यांतील तक्रार अशी कीं, देवळांच्या जागीं खेळांत अंडीं मिळतात व त्यामुळें भाविकांच्या भावना दुखावतात. जीं अंडीं फुटून वासहि येत नाहीं त्यांचा असा खटला व्हावा, याचें हंसूं येतें. परंतु कोणाच्या पवित्र स्थळीं काय मांडावें, हें दूर देशींच्या कंपनीनें कोणास न विचारतां ठरवावें काय, हा प्रश्न हंसण्यावारीं नेण्याजोगा नाहीं.

तथापि आमचा जो अर्धा राग घट्ट झाला म्हणून वर म्हटलें, तो या अपघातांमुळें नव्हे. अपघातास नियम करतां येतात. वेगानें जाणाऱ्यास थांब्यावरून कांहीं मिळूं नये, असा निर्बंध पुढें खेळांत आलाच. आमचा राग चांगल्या संवयीविषयीं आहे.

'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या प्रसिद्ध वैद्यकीय पत्रानें २०१६ च्या डिसेंबरांत एक संशोधन छापिलें. अमेरिकेंतील १८ ते ३५ वर्षे वयाच्या लोकांच्या मोबाइलमध्यें नोंदलेलीं पावलें तपासून त्या विद्वानांनीं पाहिलें कीं, 'पोकेमॉन गो' घेतल्यावर मनुष्य किती अधिक चालतो. पहिल्या आठवड्यांत रोजचीं सरासरी ९५५ पावलें वाढलीं. हें वाचून आम्हीं आनंदानें पान उलटलें, तों पुढें लिहिलें होतें कीं, ही वाढ आठवड्याआठवड्यानें ओसरत गेली आणि सहाव्या आठवड्यांत पावलें पूर्वीं होतीं तेथेंच येऊन ठेपलीं. बाग तीच, पाय तेच, आरोग्याची गरजहि तीच. फक्त नवलाई सरली. जी संवय म्हणून आपण तिचें स्वागत केलें, ती संवय नव्हतीच. ती भाड्यानें आणलेली होती, आणि भाडें थकतांच घर सोडून गेली.

भाडें कोण ठरवितो, हेंहि पाहण्यासारखें आहे. २०२० सालीं कोरोनाची सांथ आली, तेव्हां कंपनीनें नियम सैल केले. पूर्वीं थांब्यापासून ४० मीटरांच्या आंत जावें लागे, तें अंतर ८० केलें. घरीं बसून दूरच्या लढतींत भाग घेण्याची सोयहि पैसे घेऊन करून दिली. काळच तसा होता, आणि त्यांत कंपनीचा दोष नाहीं. पुढें २०२१ च्या ऑगस्टांत तिनें अमेरिकेंत व न्यूझीलंडांत तें अंतर पुन्हां ४० वर आणतांच खेळणाऱ्यांनीं एवढा गलका केला कीं, त्याच महिन्यांत तिला ८० मीटर पुन्हां मान्य करावे लागले. गलका करणाऱ्यांत ज्यांस चालणें कठिण अशीं अपंग माणसें होतीं, गर्दीस भिणारे लोक होते, आणि त्यांचें म्हणणें रास्त होतें. परंतु एका आंकड्याच्या फेरफारानें लाखों लोकांचें चालणें कमी अधिक होतें, ही गोष्ट आम्हांस फार विचित्र वाटते. चालणें ज्याचें त्याचें असतें, तर ४० आणि ८० यांची पंचाईत त्यास कां पडली असती? २०१८ पासून खेळ बंद असतांनाहि मोबाइल पावलें मोजीत राहतो, ही एक सुधारणा मात्र आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों. डोळे रस्त्याकडे राहतात. (आमच्या वर्गांतील एका महाभागानें तेव्हांपासून मोबाइल कुत्र्याच्या गळ्यांत बांधून त्यास मैदानांत पिटाळण्याची युक्ति काढिली आहे. कुत्र्याची प्रकृति उत्तम आहे.)

खेळ फुकट आहे, असें मुलें सांगतात. तो फुकट आहे हें खरें. परंतु अंडें उबविण्याची एक पेटी फुकट मिळते, आणि एकाच वेळीं चार अंडीं उबवावयाचीं असलीं तर वरकड पेट्यांस खेळांतील नाणीं लागतात, आणि तीं नाणीं थोडीं मिळवितां येतात, बाकीचीं विकत मिळतात. २०२५ सालीं नायँटिक कंपनीनें आपला खेळांचा धंदा स्कोपली नांवाच्या दुसऱ्या कंपनीस ३५० कोटी डॉलरांस विकला. एवढी रक्कम कशाची? प्राण्यांच्या चित्रांची म्हणावी तर तीं चित्रें त्या कंपनीच्या मालकीचीं नव्हतींच. रोज ठराविक वेळीं मोबाइल उघडणाऱ्या माणसांच्या संवयीची ती किंमत होती. तुमचें आमचें चालणें बाजारांत उभें आहे, आणि त्याचा दर तुम्हांआम्हांस ठाऊक नाहीं.

येथवर लिहून आम्हीं लेखणी खालीं ठेविली होती. परंतु एक गोष्ट मनांतून जाईना, आणि ती लपविली तर हा लेख अप्रामाणिक होईल. तीन वर्षांपूर्वीं आम्हीं सातवीच्या वर्गांत वाचनाची गोडी लागावी म्हणून भिंतीवर एक तक्ता लाविला. जो एक पुस्तक वाचील त्याच्या नांवापुढें एक सोनेरी तारा; सत्राअखेर ज्याचे तारे अधिक त्यास बक्षीस. पहिल्या पंधरवड्यांत ग्रंथालयाच्या कपाटापुढें रांग लागली, आणि आम्हीं शिक्षकांच्या खोलींत थोडी फुशारकीहि मारिली. पुढें लक्षांत आलें कीं, पातळ पुस्तकें कपाटांत क्षणभर टिकत नाहींत आणि जाड पुस्तकांस कोणी हात लावीत नाहीं. वर्गांत एक मुलगी होती. ती आवडलेलें पुस्तक तीन तीन वेळां वाचीत असे. तिनें तें सोडून दिलें, कारण दुसऱ्या वाचनास तारा नव्हता. सत्र संपलें, तक्ता उतरविला, आणि ग्रंथालयाच्या देवघेवीची वही महिन्याभरांत पूर्ववत् झाली. त्या मुलीचें वाचन पूर्ववत् झालें कीं नाहीं, हें तिला विचारण्याचें धैर्य आम्हांस अद्यापि झालेलें नाहीं. तेव्हां जपानांतील व कॅलिफोर्नियांतील मंडळींकडे बोट दाखवितांना आमचा हात थोडा अडखळतो. त्यांनीं जें लक्षावधि लोकांवर मोठ्या कौशल्यानें केलें, तें आम्हीं एका वर्गावर गोंद व सोनेरी कागद घेऊन केलें.

म्हणून पालकांस आमची विनंती, 'मोबाइल हिसकावून घ्या' अशी नाहीं. मुलगा खेळापायीं बाहेर पडत असेल तर पडूं द्यावा. शक्य असेल तर आपणहि दोन दिवस त्याच्याबरोबर जावें. रस्ता ओलांडतांना मोबाइल खिशांत, आणि पाहावयाचें तर बाजूस उभें राहून पाहावें, एवढा एक नियम मात्र सवलत न देतां पाळवावा. निजतांना यंत्र खोलीबाहेर असावें, मग त्यापायीं शंभर गुण बुडाले तरी बुडोत. आणि सहा आठवडे झाल्यावर नीट पाहावें कीं, पावलें कोठें आहेत. खेळाची नवलाई उतरत असतांना जर त्या फिरण्यांत दुसरें कांहीं, एखादा सोबती, एखादें झाड, एखादा भज्यांचा गाडासुद्धां, मुलाच्या आवडीचें झालें असेल, तर तें फिरणें त्याचें होण्याची आशा आहे. तसें कांहीं झालें नसेल तर नवा खेळ येईल आणि त्यास दुसरीकडे घेऊन जाईल. विद्यार्थ्यांस एवढेंच सुचवितों कीं, ज्या वाटेनें तुम्ही अंडें घेऊन चाललां, त्याच वाटेनें एक आठवडा मोबाइल घरीं ठेवून चालून पाहा, आणि कंटाळा किती येतो तें प्रामाणिकपणें वहींत लिहा. आम्हांस दाखवावयाची आवश्यकता नाहीं.

पाणपोईवरील तो लेख वाचल्यापासून आम्ही दर शनिवारीं शाळा सुटल्यावर गांवांतील जुने दगड, विहिरी व पाट्या पाहावयास निघतों. ज्यास यावयाचें त्यानें यावें. हजेरी घेतली जात नाहीं, गुण नाहींत, प्रमाणपत्र तर नाहींच नाहीं; तक्त्यानें आम्हांस तेवढें शिकविलें आहे. पहिल्या शनिवारीं अकरा जण आले, दुसऱ्या शनिवारीं सात, आणि आतां बहुधा चौघे असतात. ही संख्या दिपवून टाकणारी नाहीं हें आम्ही जाणतों.

त्या चौघांत आमचा अंडें उबविणारा विद्यार्थी नाहीं. १६ ऑक्टोबर २०२५ रोजीं या मालिकेंतील 'लेजंड्स: झेड-ए' हा खेळ निघाला. तो घरीं बसून खेळावयाचा; त्यांतील सारी कथा लुमिओस नांवाच्या एकाच कल्पित शहरांत घडते, आणि तेथील रस्त्यांवरून पडद्यावरचा मुलगा कितीहि धांवला तरी खऱ्या मुलास खुर्ची सोडावी लागत नाहीं. दिवाळीच्या सुटींत मुंबईहून आलेल्या मावसभावानें तो आणिला, आणि जातांना यंत्रासकट येथेंच ठेविला. सुटीनंतर गल्लींतील येरझारा बंद झाल्या. दहा किलोमीटरांचें शेवटचें अंडें तसेंच अर्धवट राहिलें आहे, असें त्यानें आम्हांस विचारल्यावर सांगितलें. खंत अशी त्याच्या बोलण्यांत दिसली नाहीं.

परंतु मागील महिन्यांत एका संध्याकाळीं आम्ही वह्यांचा गठ्ठा घेऊन फाटकाबाहेर पडलों, तों गल्लींत आजोबा एकटेच चालत होते. पाऊस नव्हता, तरी छत्री काठीसारखी हातांत होती. आम्हीं नमस्कार करून म्हटलें, "आज एकटेच?" ते थांबले. म्हणाले, "मास्तर, त्याच्या त्या अंड्यानं माझ्या गुडघ्यांना संवय लावली बघा. आतां सात वाजले कीं पाय घरांत राहत नाहींत. पाणपोईपर्यंत जातों, दगडावर घटकाभर बसतों, परत येतों. तो असतां तर बरं होतं. काय काय सांगायचा चालतांना!"

दुसऱ्या दिवशीं हें आम्हीं त्या मुलास सांगितलें. उपदेश म्हणून नव्हे, निरोप म्हणून. त्यानें खालीं आपल्या पायांकडे पाहिलें, आणि "बरें, सर," एवढेंच म्हणून तो वर्गांत गेला. त्या दिवसापासून हा मजकूर छापखान्यांत जाईपर्यंत आमचें त्या गल्लीनें संध्याकाळीं जाणें झालेलें नाहीं.